ऑटोक्लेव्ह सर्वांचा, निगा कोणाची?

काही वर्षांपूर्वी एका महाविद्यालयात आम्ही शिक्षकांसाठी ऊतिसंवर्धनाची चार दिवसांची कार्यशाळा घेतली होती. पहिल्या दिवशी सर्वांनी मिळून अ‍ॅगरचे माध्यम तयार केले, साठ बाटल्यांत भरले, बाटल्यांना कापसाचे बोळे लावले आणि त्या ऑटोक्लेव्हमध्ये ठेवल्या. काटा १५ पौंडांवर आला. घड्याळ लावून १५ मिनिटे मोजली. सारे काही पुस्तकात लिहिल्याप्रमाणे. दुसऱ्या दिवशी बाटल्यांत गाजराचे तुकडे ठेवले. चौथ्या दिवशी पाहतो तो निम्म्याहून अधिक बाटल्यांत अ‍ॅगरवर मळकट पांढरा, सुरकुतलेला थर!

लगेच चर्चा सुरू झाली. कोणी म्हणाले, हात नीट धुतले नसतील. कोणी म्हणाले, खिडकी उघडी होती. एका शिक्षिकेने मात्र वेगळाच प्रश्न विचारला, "ज्या बाटल्या आपण उघडल्याच नाहीत, त्या कशा आहेत?" बाजूला ठेवलेल्या सहा बाटल्या आणल्या. त्यांपैकी चार बाटल्यांत तोच थर होता. म्हणजे जंतू हातांवरून किंवा खिडकीतून आलेले नव्हते. ते आधीपासून माध्यमातच होते आणि ऑटोक्लेव्हमधून जिवंत बाहेर पडले होते.

ऑटोक्लेव्ह तीन विभागांत मिळून एक. त्या दिवशी तो कोणी लावला, कसा लावला, याची नोंद कोठेही नव्हती. बऱ्याच विचारपूसीनंतर उलगडा झाला. वीज जाण्याआधी काम उरकावे म्हणून कोणीतरी झाकणावरची हवेची झडप सुरुवातीलाच बंद करून टाकली होती. काटा १५ वर गेला हे खरे. पण आत १२१ अंश तापमान झालेच नव्हते.

हे असे का झाले, हे समजून घेतले तर ऑटोक्लेव्ह वापरण्याचे बहुतेक सगळे नियम आपोआप समजतात. ते पाठ करावे लागत नाहीत.

कुकरचाच भाऊ

ऑटोक्लेव्ह म्हणजे मोठा, जाड भिंतींचा प्रेशर कुकर. दोघांचा पूर्वज एकच. देनी पापिन या फ्रेंच शास्त्रज्ञाने १६७९ साली लंडनमध्ये हाडे शिजवून मऊ करणारे बंद भांडे तयार केले. भांडे फुटू नये म्हणून त्याने वजन टांगलेली सुरक्षा झडपही बसवली. वाफेचा दाब ठरावीक मर्यादेपलीकडे गेला की वजन उचलले जाई आणि वाफ बाहेर पडे. आपल्या कुकरची शिट्टी हेच काम करते.

दोनशे वर्षांनी हे भांडे जीवशास्त्रज्ञांच्या उपयोगी पडले. त्यामागे एक अडचण होती. पाणी कितीही उकळले तरी काही जिवाणू मरत नाहीत, हे तोवर लक्षात आले होते. १८७६ साली फर्डिनांड कोन यांनी वाळलेल्या गवतात सापडणाऱ्या जिवाणूंचे बीजाणू दाखवून दिले. परिस्थिती प्रतिकूल झाली की हे जिवाणू जाड आवरणाच्या बीजाणूत दडून बसतात आणि उकळत्या पाण्यातही तग धरतात. जॉन टिंडल यांनी १८७७ साली यावर एक तोड काढली. द्रव एकदा तापवायचा, बीजाणूंना रुजू द्यायचे, रुजले की पुन्हा तापवायचे. असे लागोपाठ काही वेळा केले की द्रव निर्जंतुक होतो. पण त्यात दिवस जातात. पाश्चर यांचे सहकारी शार्ल शांबरलाँ यांनी १८७९ साली दुसरी वाट काढली. पाणी १०० अंशांच्या वर तापवायचे असेल तर दाब वाढवायला हवा, आणि त्यासाठी पापिनचे भांडे हवे. प्रयोगशाळेतला ऑटोक्लेव्ह तो हा.

जंतू कशाने मरतात?

विद्यार्थ्यांना हा प्रश्न विचारून पाहा. बहुतेक जण म्हणतील, "दाबाने." हे उत्तर चुकीचे आहे. वातावरणाच्या दुप्पट दाबाने जिवाणूंचे काहीही बिघडत नाही. मारते ती उष्णता. दाब लागतो तो पाण्याचा उत्कलनबिंदू चढवण्यापुरता. समुद्रसपाटीला वातावरणाच्या दाबापेक्षा दर चौरस इंचाला १५ पौंड जास्त दाब असेल, तर पाणी १२१ अंश सेल्सिअसला उकळते.

मग कोरड्या भट्टीत १२१ अंश ठेवले तर चालणार नाही का? नाही. कोरड्या हवेत काचसामान निर्जंतुक करायला १६० अंशांवर दोन तास लागतात. ओली वाफ तेच काम १२१ अंशांवर १५ मिनिटांत करते. याचे कारण अप्रकट उष्मा. एक ग्रॅम वाफ एखाद्या थंड पृष्ठभागावर आपटून तिचे पाणी झाले की ती पाचशेहून अधिक कॅलरी उष्णता तिथे सोडते. शिवाय ओलाव्यामुळे जिवाणूंतली प्रथिने लवकर गोठतात. अंड्याचा पांढरा भाग गोठतो, तसेच ते. वाफेचे पाणी झाले की तिची जागा रिकामी होते आणि नवी वाफ तिथे धाव घेते. अशा रीतीने वाफ कापसाच्या बोळ्यात, कापडाच्या घड्यांत शिरत जाते.

ऑटोक्लेव्हची परीक्षा घेण्यासाठी जिओबॅसिलस स्टिअरोथर्मोफिलस या अत्यंत चिवट जिवाणूचे बीजाणू वापरतात. १२१ अंशांच्या वाफेत दर दीड ते दोन मिनिटांनी त्यांची संख्या एक दशांश होते. लाखाचे दहा हजार, दहा हजारांचे हजार, असे करत १५ मिनिटांत काही उरत नाही. पण तापमान १० अंशांनी उतरले की याच कामाला सुमारे दहापट वेळ लागतो. म्हणजे १११ अंशांवर १५ मिनिटांत शंभरातले दहा-बारा बीजाणू जिवंत राहू शकतात! दहा अंशांचा फरक किरकोळ नाही, हे यावरून कळेल.

हवेचा लपंडाव

आता आमच्या कार्यशाळेतल्या घोटाळ्याकडे येऊ. झाकण बंद करताना भांड्यात हवा असतेच. ती बाहेर जाऊ दिली नाही, तर काटा जो दाब दाखवतो त्यात वाफेचा दाब आणि हवेचा दाब असे दोन्ही मिसळलेले असतात. काट्याला त्यांतला फरक कळत नाही. तापमान मात्र फक्त वाफेच्या दाबावर ठरते. काटा १५ पौंडांवर असताना आतली सर्व हवा गेलेली असेल तर तापमान १२१ अंश. निम्मी हवा शिल्लक असेल तर सुमारे ११२ अंश. हवा मुळीच काढली नसेल तर फार तर १०० अंशांच्या आसपास. काटा तिन्ही वेळा तेच सांगतो.

म्हणून झडप सुरुवातीला उघडी ठेवायची. पाणी उकळून झडपेतून आधी फुसफुस करत, थांबून थांबून वाफ येते. ती जोरात, सलग येऊ लागली की आणखी काही मिनिटे तशीच जाऊ द्यायची आणि मगच झडप बंद करायची. किती मिनिटे ते यंत्राच्या पुस्तिकेत दिलेले असते. जुन्या पद्धतीच्या कुकरवर घरातल्या आजी आधी वाफ भरभर येऊ देत आणि मगच शिट्टी ठेवत, हे अनेकांना आठवत असेल. त्यामागचे शास्त्र हेच.

हवा आणखी एका ठिकाणी लपते. सारख्या तापमानाला हवा वाफेपेक्षा जड असते. म्हणून रिकामा चंबू किंवा चंचुपात्र उभे ठेवले, तर बादलीत पाणी राहावे तशी हवा त्यात बसून राहते आणि वाफ आत जात नाही. रिकामी भांडी आडवी ठेवावीत. डबा खच्चून भरू नये. दोन वस्तूंमधून वाफेला वाट हवी.

उंचीचाही परिणाम होतो. काटा दाब मोजतो तो बाहेरच्या हवेच्या दाबाच्या वर किती, एवढाच. महाबळेश्वरसारख्या साडेतेराशे मीटर उंचीच्या गावी बाहेरचा दाबच कमी. तिथे उघड्या भांड्यातले पाणी ९५-९६ अंशांनाच उकळते, आणि ऑटोक्लेव्हचा काटा १५ वर असताना आत सुमारे ११८ ते ११९ अंशच असतात. तिथे १५ मिनिटांऐवजी २५ मिनिटे धरावीत. पुण्यात हा फरक साधारण एका अंशाचा आहे.

झाकणामागचे ओझे

आतापर्यंत माध्यम वाया जाण्याचे बोललो. आता माणसांच्या अंगावर बेतणाऱ्या गोष्टीकडे वळू. पुढचे गणित वर्गात फळ्यावर जरूर करून घ्या.

आपल्या महाविद्यालयांतल्या उभ्या ऑटोक्लेव्हचे झाकण साधारण ३० सेंटिमीटर व्यासाचे असते. त्याचे क्षेत्रफळ सुमारे ७०० चौरस सेंटिमीटर. १५ पौंड प्रति चौरस इंच म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला एक किलोग्रॅमहून थोडे जास्त. म्हणजे त्या झाकणाला आतून ७०० किलोंहून अधिक जोर वर ढकलत असतो.

हे ऐकून सगळे जपून वागतात. धोका असतो तो काटा खाली आल्यावर. काटा केवळ एका पौंडावर आहे, "आता काय, शून्यच म्हणायचे," असे म्हणून कोणी नट सोडू लागतो. त्या एका पौंडाचे झाकणावरचे ओझे किती? सुमारे ५० किलो. सिमेंटचे एक पोते! आणि त्या पोत्यामागे १०० अंशांहून गरम वाफ उभी असते. घाईत झाकण उघडताना होणाऱ्या भाजण्याचे कारण बहुधा हेच.

काटा शून्यावर आला तरी तेवढ्यावर विसंबू नये. काटा अडकलेला असू शकतो. झडप हळूहळू उघडावी, तिच्यातून काहीही येत नाही याची खात्री करावी आणि मगच नट सैल करावेत. झाकण उचलताना त्याची पलीकडची कड आधी वर करावी, म्हणजे उरलेली वाफ आपल्या तोंडावर न येता पलीकडे जाते. हातमोजे जाड आणि कोरडे हवेत. ओल्या मोज्यातून उष्णता झटकन हातापर्यंत पोहोचते.

द्रवांचे वेगळे वागणे

आत माध्यमाच्या बाटल्या असतील तर आणखी एक सावधगिरी. वीज बंद केल्यावर बाटल्यांतला द्रव काही काळ १०० अंशांहून गरमच असतो. आतला दाब आहे म्हणूनच तो उकळत नाही. अशा वेळी झडप उघडून दाब एकदम सोडला, तर सगळ्या बाटल्या एकाच क्षणी उकळून उतू जातात, बोळे उडतात, बाटली फुटूही शकते. म्हणून द्रव असताना दाब आपोआप उतरू द्यावा.

फार उशीर करणेही बरे नव्हे. काटा शून्यावर आल्यानंतर झडप तासभर बंदच राहिली, तर आतल्या वाफेचे पाणी होऊन दाब बाहेरच्यापेक्षा कमी होतो. मग झाकण चिकटून बसते आणि द्रव पुन्हा उकळू लागतो.

बाटल्या दोन तृतीयांशाहून जास्त भरू नयेत. फिरकीची झाकणे सैल ठेवावीत. घट्ट बंद केलेली बाटली म्हणजे दुसरा छोटा ऑटोक्लेव्हच, पण त्याला सुरक्षा झडप नाही. मोठ्या चंबूला वेळ जास्त द्यावा. परीक्षानळीतले माध्यम लवकर तापते. एक लिटरच्या चंबूच्या मध्यापर्यंत उष्णता पोहोचायला पुष्कळ वेळ लागतो. एकाच खेपेत दोन्ही ठेवू नयेत. बाहेर काढलेला चंबू लगेच हलवू नये. शांत दिसणारा द्रव धक्क्याने अचानक उसळतो.

काही वस्तू ऑटोक्लेव्हमध्ये कधीच जाता कामा नयेत. अल्कोहोल आणि पेट घेणारी इतर द्रावके नकोत. ब्लीचमध्ये भिजवलेल्या वस्तू नकोत, कारण त्यांतून विषारी क्लोरीन वायू निघू शकतो आणि धातूही गंजतो. तेल आणि कोरडी पूड यांत वाफ शिरतच नाही; त्यांना कोरडी भट्टीच हवी. बाजारात मिळणाऱ्या पातळ पारदर्शक प्लॅस्टिकच्या पेट्री बशा पॉलिस्टायरीनच्या असतात; त्या वितळून तळाशी चिकटतात. पॉलिप्रॉपिलीनची भांडी चालतात.

जिवाणू वाढवलेल्या जुन्या बशा टाकून देण्याआधी निर्जंतुक करायच्या असतील, तर त्यांची खेप वेगळी लावावी आणि वेळही जास्त द्यावा. नव्या माध्यमाच्या शेजारी त्या ठेवू नयेत.

दर वेळी, याच क्रमाने

१. तळातले पाणी पाहा. हीटरची कॉइल पूर्ण बुडलेली हवी. कमी असेल तर ठरलेल्या खुणेपर्यंत भरा. आधीच्या माणसाने भरले असेल असे गृहीत धरू नका.

२. झाकण लावण्यापूर्वी काटा शून्यावर आहे ना, झडपेचे भोक मोकळे आहे ना, रबराच्या रिंगला चीर नाही ना, हे पाहा.

३. नट समोरासमोरच्या जोडीने, थोडे थोडे आवळा. एका बाजूने आवळत गेल्यास झाकण तिरके बसते आणि वाफ गळते.

४. झडप उघडी ठेवून वीज सुरू करा. हवा जाऊ द्या. मग झडप बंद करा.

५. काटा १५ वर आल्यापासून वेळ मोजा. वीज लावल्यापासून नव्हे. मध्ये वीज गेली आणि काटा उतरला, तर पुन्हा पहिल्यापासून मोजा.

६. यंत्र चालू असताना खोली सोडून जाऊ नका.

७. वीज बंद करा, प्लग काढा, थांबा. बाकीचे वर सांगितलेच आहे.

निगा आणि वही

एकट्याची वस्तू बिघडली की मालकाला लगेच कळते. सामाईक वस्तूचे तसे नसते. प्रत्येकाला वाटते, दुसऱ्याने पाहिले असेल. पाण्याविना कॉइल जळते, रिंगला चीर पडते, सांडलेले अ‍ॅगर झडपेच्या भोकात वाळून दगड होते, आणि तरी कोणाचीच चूक नसते. हे टाळायला दोन गोष्टी पुरतात: एक जबाबदार व्यक्ती आणि एक वही.

काम संपल्यावर पाणी काढून तळ पुसावा. शक्यतो ऊर्ध्वपातित पाणी वापरावे. विहिरीच्या किंवा बोअरच्या जड पाण्याने कॉइलवर क्षार बसतात, ती उशिरा तापते आणि शेवटी जळते. काही सांडले असेल तर ते सांडणाऱ्यानेच त्याच दिवशी काढावे. रिंग पुसून ठेवावी, आणि यंत्र वापरात नसताना झाकण आवळून ठेवू नये. दबून राहिलेले रबर लवकर कडक होते. आठवड्यातून एकदा झडपेचा मार्ग साफ करावा. वर्षातून एकदा जाणकार तंत्रज्ञाकडून दाबमापक, सुरक्षा झडप आणि अर्थिंग तपासून घ्यावे. सुरक्षा झडप गळते म्हणून तिच्यावर वजन ठेवणे किंवा ती तारेने बांधणे हा शुद्ध आत्मघात आहे. ती गळत असेल तर यंत्र बंद ठेवून "नादुरुस्त" अशी पाटी लावावी.

वही साधी असावी, पण यंत्राशेजारी दोरीने बांधलेली. रकाने असे: तारीख, वापरणाऱ्याचे नाव, आत काय ठेवले, पाणी पाहिले का, हवा किती मिनिटे सोडली, १५ पौंड केव्हा झाले, वीज केव्हा बंद केली, काही वेगळे जाणवले का. शेवटचा रकाना सर्वांत महत्त्वाचा. "आज काटा चढायला नेहमीपेक्षा दहा मिनिटे जास्त लागली" या एका ओळीवरून कॉइलवरचे क्षार किंवा रिंगची गळती आधीच लक्षात येते. वही चूक करणाऱ्याला पकडण्यासाठी नाही, हे सुरुवातीलाच सर्वांना सांगावे. नाहीतर तिच्यात फक्त "सर्व ठीक" एवढेच लिहिले जाते.

खरेच निर्जंतुक झाले का?

ऑटोक्लेव्हसाठी मिळणाऱ्या चिकटपट्टीवर तापल्यावर काळ्या रेघा उमटतात. ही वस्तू आत जाऊन आली, एवढेच त्या सांगतात. पक्की खात्री बीजाणूंच्या पट्टीने होते. ती खेपेच्या मध्यभागी ठेवायची आणि नंतर माध्यमात घालून ५५ ते ६० अंशांवर उबवायची. काही वाढले नाही तर यंत्र ठीक.

शाळा-महाविद्यालयांत करता येण्याजोगी एक स्वस्त पारखही आहे. द्रवणांक काढण्याच्या बारीक केशनळीत अ‍ॅसिटॅनिलाइडचे चार कण घालून तिची दोन्ही टोके ज्योतीवर बंद करावीत आणि ती वस्तूंच्या मध्यभागी ठेवावी. अ‍ॅसिटॅनिलाइड ११४ अंशांना वितळते. खेपेनंतर कण जसेच्या तसे असतील, तर तिथे तापमान ११४ पर्यंत पोहोचलेच नव्हते; बहुधा हवा अडकली होती. कण वितळून गोठलेले दिसले तर तापमान ११४ च्या वर गेले होते एवढे कळते. १२१ झाले होते, असे मात्र त्यावरून म्हणता येणार नाही. हा फरक विद्यार्थ्यांकडूनच काढून घ्यावा. एखाद्या चाचणीने काय सिद्ध होते आणि काय होत नाही, हे शिकवण्याची इतकी सोपी संधी क्वचित मिळते.

त्या कार्यशाळेच्या शेवटच्या दिवशी आम्ही साऱ्यांनी मिळून ऑटोक्लेव्ह पुन्हा लावला. या वेळी झडपेतून वाफ सलग येईपर्यंत सगळे भोवती थांबून होते. राहिलेल्या माध्यमाच्या वीस बाटल्या बाहेर काढून आम्ही त्या महाविद्यालयातच ठेवून आलो. पंधरा दिवसांनी तिथल्या प्रयोगशाळा साहाय्यकांचे पत्र आले. विसांच्या वीस बाटल्या स्वच्छ होत्या. खाली त्यांनी आणखी एक ओळ लिहिली होती: वही आणली आहे, पहिल्या पानावर आजची तारीख घातली आहे.